लाल बूट कुणाचे?

७ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या डॅलस शहरात बुटांच्या एका जोडाचा लिलाव झाला. बूट बायकी, छोट्या टाचेचे. अंगभर लाल टिकल्या आणि पुढे काचमण्यांनी मढवलेला बो. वय पंचाऐंशी वर्षांच्या पुढचं. बोली थांबली ती २ कोटी ८० लाख डॉलरवर, आणि लिलावकर्त्यांचं शुल्क धरून घेणाऱ्याला ३ कोटी २५ लाख डॉलर मोजावे लागले. चित्रपटाशी संबंध असलेल्या कुठल्याही वस्तूला तोवर एवढी किंमत आली नव्हती. ज्या मुलीनं ते पायांत घातले होते, तिला त्या चित्रपटात आठवड्याला ५०० डॉलर पगार होता. सगळ्या चित्रीकरणाचे मिळून दहा हजार डॉलरच्या आसपास.

त्या मुलीचं नाव जूडी गारलँड. चित्रपट ‘द विझर्ड ऑफ ऑझ’, साल १९३९. तिच्या बुटांवरून, फ्रॉकवरून, बक्षिसाच्या बाहुलीवरून पुढे जे तंटे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यांच्याविषयी वाचताना माझं लक्ष पुन:पुन्हा वस्तूंवरून उडून त्या मुलीकडे जायचं. वस्तू कुणाची, हे ठरवायला वकील होते, न्यायाधीश होते. ही मुलगी कुणाची, हे मात्र तिच्या हयातीत दुसऱ्यांनीच ठरवलं.

जूडीचं खरं नाव फ्रान्सिस एथेल गम. जन्म १० जून १९२२ चा, मिनेसोटा राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या छोट्या गावचा. वडील फ्रँक गावातलं थिएटर चालवायचे आणि चित्रपटाच्या मध्यंतरात गायचे. आई एथेल पियानो वाजवायची. तीन मुलींतली ही धाकटी. अडीच वर्षांची असताना, १९२४ च्या नाताळात, तिला वडिलांच्या थिएटरच्या रंगमंचावर उभं केलं आणि तिनं नाताळचं गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या. आपल्याकडेही पाहुण्यांसमोर चिमुरडीला गाणं म्हणायला लावतात, तसंच हे. फरक इतकाच, की तिचं गाणं त्यानंतर थांबू दिलं गेलं नाही.

१९२६ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. आई तिन्ही मुलींना घेऊन थिएटरं पालथी घालू लागली. ‘गम सिस्टर्स’ या नावावर लोक हसायचे, म्हणून १९३४ मध्ये ‘गारलँड’ हे आडनाव घेतलं गेलं, आणि पुढे फ्रान्सिसनं स्वत:साठी ‘जूडी’ हे नाव निवडलं. १९३५ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम, या बड्या चित्रपट कंपनीनं तेरा वर्षांच्या जूडीशी करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचे वडील मेंदूज्वरानं गेले. जिच्यावर तिचा खरा जीव होता ती माया तुटली. उरली ती शिस्तीची आई आणि शिस्तीची कंपनी.

त्या काळी कराराचा अर्थ काय होता, हे आज समजून घेतलं पाहिजे. नटीनं काय करायचं, काय खायचं, किती वजन ठेवायचं, कुणाबरोबर फिरायचं, हे सगळं कंपनी ठरवायची. जूडी उंचीनं लहान, अंगानं गुबगुबीत. तेव्हाच्या चाफेकळी नायिकांच्या रांगेत ती बसेना. मग जेवणावर पहारा आला. वजन उतरवायला आणि तासन्‌तास काम करायला उत्तेजक गोळ्या, आणि रात्री झोप लागावी म्हणून गुंगीच्या गोळ्या, हे चक्र किशोरवयातच सुरू झालं. पुढे तिनं स्वत: याबद्दल उघडपणे सांगितलं. मिकी रूनीबरोबर तिची जोडी जमली, एकापाठोपाठ एक चित्रपट निघाले, आणि गोळ्यांचं चक्र फिरत राहिलं.

मुलाच्या कमाईवर हक्क कुणाचा, हा प्रश्न तेव्हा अमेरिकेत अगदी ऐरणीवर होता. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला तो गोंडस पोरगा आठवतो? त्याचं नाव जॅकी कूगन. लहानपणी त्यानं लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर पाहिलं, तर आई आणि सावत्र वडिलांनी पैसा बहुतेक उडवलेला. १९३८ मध्ये त्यानं आईवर दावा लावला. कायदा मात्र आईच्या बाजूनं होता, कारण अज्ञान मुलाची कमाई ही आईबापांची मानली जायची. कूगनच्या हाती शेवटी फार थोडं लागलं. पण त्या प्रकरणानं लोक हळहळले आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियानं बालकलाकारांच्या कमाईतला काही भाग राखून ठेवण्याचा कायदा केला. आजही त्याला कूगनचंच नाव आहे. जूडी माणकांचे बूट घालून नाचली ती याच दिवसांत.

‘विझर्ड ऑफ ऑझ’चं चित्रीकरण ऑक्टोबर १९३८ मध्ये सुरू झालं. जूडी सोळा वर्षांची होती, भूमिका त्याहून लहान मुलीची, म्हणून तिची छाती घट्ट बांधून टाकली जायची. मूळ पुस्तक एल. फ्रँक बॉम यांचं, १९०० सालचं. त्यात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. पण चित्रपट होता टेक्निकलरचा. रंगाची नवलाई दाखवायची तर चांदी काय कामाची? पटकथेत चांदीचे बूट माणकांचे झाले. वेषभूषाकार एड्रियन यांनी साध्या बुटांवर टिकल्यांची जाळी चढवली. पडद्यावर लाल दिसावं म्हणून टिकल्या गडद, काळपट लाल घेतल्या. नाचताना टपटप आवाज येऊ नये म्हणून तळाला नमदा चिकटवला. असे जोड एकाहून अधिक केले होते, आणि पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ तिथेच आहे.

या चित्रपटात टोटो नावाचा कुत्रा आहे. त्याच्या कामाचे आठवड्याला १२५ डॉलर मिळायचे, आणि ते अर्थातच त्याच्या मालकाला. हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

१९४० च्या ऑस्कर समारंभात जूडीला बालकलाकारांसाठीची छोटी बाहुली मिळाली, मिकी रूनीच्या हस्ते. ही बाहुलीही लक्षात ठेवा.

पुढची दहा वर्षं वैभवाची आणि पडझडीची, दोन्ही एकदम. १९४४ चा ‘मीट मी इन सेंट लुईस’ गाजला. त्याचे दिग्दर्शक विन्सेंट मिनेली यांच्याशी तिनं दुसरं लग्न केलं. १९४६ मध्ये लायझा झाली. पण तब्येत ढासळत होती. सेटवर न येणं, रुग्णालयाच्या वाऱ्या, जीव देण्याचा प्रयत्न. १९५० मध्ये कंपनीनं तिला सोडलं. पंधरा वर्षांची नोकरी संपली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. ज्या वयात आपल्या मुली नोकरीत नुकत्या स्थिरावतात, त्या वयात तिची अर्धी हयात वापरून झालेली.

ती संपली नाही, हे तिचं मोठेपण. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात तिनं एकोणीस आठवडे प्रयोग केले. सिड लुफ्ट या निर्मात्याशी लग्न झालं, लॉर्ना आणि जोई ही मुलं झाली. १९५४ चा ‘अ स्टार इज बॉर्न’ हा तिचा सर्वोत्तम चित्रपट मानणारे पुष्कळ आहेत. ऑस्करच्या वेळी ती बाळंतिणीच्या खोलीत होती. तिलाच मिळणार असं धरून टीव्हीवाल्यांनी तिथे कॅमेरे लावले होते. बक्षीस ग्रेस केलीला गेलं आणि कॅमेरे उचलून नेले. २३ एप्रिल १९६१ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या तिच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका मात्र सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेऊन गेली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

पैसा टिकला नाही. करखात्याचं देणं चढत गेलं, घर विकावं लागलं, पाच लग्नं झाली. २२ जून १९६९ रोजी लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांचं प्रमाण जास्त होऊन ती गेली. तपासणीत तो अपघात ठरला. वय ४७. न्यूयॉर्कला अंत्यदर्शनासाठी वीसेक हजार लोक रांगेत उभे राहिले. मागे राहिलं ते कर्ज, तीन मुलं आणि असंख्य लोकांची ममता. या ममतेची पुढे किंमत होणार होती.

ती कशी झाली, हेही पाहण्यासारखं आहे. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ पहिल्या फेरीत कंपनीला फायद्यात पडला नव्हता. १९५६ मध्ये तो प्रथम टीव्हीवर दाखवला आणि १९५९ पासून वर्षाकाठी एकदा येऊ लागला. आपल्याकडे दिवाळी अंक यावा तसा. अमेरिकेतली एक पिढीच्या पिढी दरवर्षी आईवडिलांच्या कुशीत बसून तो पाहत वाढली. ती पोरं मोठी झाली, त्यांच्या खिशात पैसा आला, आणि त्यांना आपलं बालपण विकत घ्यावंसं वाटू लागलं.

मे १९७० मध्ये एमजीएमनं गोदामं रिकामी केली. कपडे, सामान, सगळं एका लिलावदाराला विकून टाकलं आणि त्यानं ते लोकांना विकलं. केंट वॉर्नर नावाच्या कपडेपटातल्या माणसाला त्या आवराआवरीत लाल बुटांचे जोड सापडले. लिलावात आला तो एकच. तोच एकमेव, अशा समजुतीनं १५,००० डॉलरला गेला. लगेच टेनेसी राज्यातल्या एका बाईंनी सांगितलं की असाच एक जोड आपल्याकडे १९४० पासून आहे, स्पर्धेत बक्षीस मिळालेला. मग कळलं, की आणखीही आहेत. त्या बाईंचा जोड १९८८ मध्ये १,६५,००० डॉलरला विकला गेला आणि २००० साली ६,६६,००० ला. आजमितीस असे चार जोड ठाऊक आहेत. एक १९७९ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २०१६ मध्ये त्याच्या डागडुजीसाठी संग्रहालयानं लोकवर्गणी मागितली, तर तीन लाख डॉलरच्या वर पैसे जमले.

जूडीच्या वारसांचा या बुटांवर कधी हक्क नव्हता. बूट कंपनीनं केले होते, कंपनीनं विकले. सुताराच्या हातातला रंधा कारखान्याचा असतो, तसंच. कायदा इथे स्पष्ट आहे. तंटे उभे राहिले ते देवघेवीच्या पुढच्या पायऱ्यांवर.

पहिला तंटा त्या ऑस्करच्या बाहुलीचा. जूडीनं मूळ बाहुली हरवली होती. १९५८ मध्ये अकादमीनं तिला दुसरी करून दिली, पण एका कागदावर सही घेऊन. ही बाहुली विकायची झाली, तर आधी अकादमीला नाममात्र किमतीत देऊ करायची, असं त्यात होतं. जूडी गेली, घटस्फोटित नवरा सिड लुफ्ट यानं १९७८ मध्ये तिच्या स्वयंपाकाच्या तांब्याच्या भांड्यांपासून संगीताच्या वह्यांपर्यंत शेकडो चिजांचा लिलाव केला आणि अडीच लाख डॉलर आले. पुढे १९९३ मध्ये त्यानं बाहुली विकायला काढली, तेव्हा अकादमी कोर्टात गेली आणि जिंकली. २००० साली पुन्हा एक छोटी बाहुली बाजारात आली. तिचा मागही लुफ्टपर्यंतच गेला. ही हरवलेली मूळ की नंतरची, हा वाद होता. पण कोर्टानं १९५८ चा कागद दोन्हींना लागू धरला आणि लुफ्टला वर जवळजवळ साठ हजार डॉलरचा भुर्दंड पडला. एका सहीची ताकद एवढी. सही करणारी जाऊन तेव्हा तीस वर्षं उलटली होती.

दुसरा तंटा निळ्यापांढऱ्या चौकडीच्या फ्रॉकचा. मर्सिडीझ मॅककेंब्रिज या अभिनेत्रीनं १९७३ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात नाट्यविभाग उभारणारे फादर गिल्बर्ट हार्टकी यांना डोरोथीचा एक फ्रॉक भेट दिला. फादर १९८६ मध्ये वारले आणि फ्रॉक दिसेनासा झाला. विभागात त्याच्या दंतकथा चालू राहिल्या. २०२१ मध्ये आवराआवरीत एका प्लास्टिकच्या पिशवीत बुटांचं खोकं निघालं आणि खोक्यात फ्रॉक! आत जूडीचं नाव, आणि उजव्या बाजूला रुमालासाठीचा गुप्त खिसा. स्मिथसोनियनच्या जाणकारांनीही तो तपासला. विद्यापीठानं मे २०२२ मध्ये तो लिलावाला काढला. आठ ते बारा लाख डॉलर अपेक्षित होते.

तेवढ्यात फादरांची पुतणी कोर्टात आली. भेट माझ्या काकांना व्यक्तिश: दिली होती, ते गेल्यावर ती वारसांची, असं तिचं म्हणणं. विद्यापीठाचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. फादर डोमिनिकन पंथाचे. त्यांनी अपरिग्रहाचं व्रत घेतलेलं. ज्यानं मालकीच सोडली, त्याच्या नावावर फ्रॉक असेल कसा आणि त्याचा वारसा चालेल कसा? न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी लिलावाच्या आदल्या दिवशी, २३ मे रोजी, तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि विक्री थांबली. आपल्याकडच्या मठांच्या मिळकतींचे खटले ज्यांनी वाचले असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही. संन्याशाच्या कफनीवरूनही दावे होतात.

हे वाचताना मला आमच्याच घरातली गोष्ट आठवली. आजी गेली तेव्हा जमिनीच्या वाटणीवर कुणी चकार शब्द काढला नाही. भांडण झालं ते तिच्या पितळी अडकित्त्यावरून. धाकट्या आत्याचं म्हणणं, आईनं तो मला तोंडी देऊन ठेवला होता. देऊन ठेवला होता की वापरायला दिला होता? साक्षीदार कुणी नाही. शेवटी तो मोठ्या काकांच्या कपाटात गेला आणि पुढे सुपारी बाजारातून कातरून येऊ लागली. कोर्टात जाण्याइतकी त्याची किंमत नव्हती, एवढंच आमचं नशीब.

तिसरं प्रकरण डॅलसला विकल्या गेलेल्या त्या जोडाचं. एका संग्राहकानं तो विश्वासानं ग्रँड रॅपिड्सच्या जूडी गारलँड संग्रहालयाला प्रदर्शनासाठी दिला होता. ऑगस्ट २००५ मध्ये एका रात्री चोरानं हातोड्यानं दार आणि काचेची पेटी फोडून तो पळवला. मागे एक लाल टिकली पडली होती, बस्स! गावात संशयाची कुजबूज वर्षानुवर्षं चालली. जवळच्या खाणीतल्या तळ्यात पाणबुडे उतरवून शोध झाला. विमा कंपनीनं मालकाला आठ लाख डॉलर भरपाई दिली. आणि इथे पेच आला. भरपाई दिली, की वस्तूवरचा हक्क विमा कंपनीकडे जातो. म्हणजे चोरीला गेलेल्या, ठावठिकाणा नसलेल्या बुटांची मालकी एका कागदावरून दुसऱ्या कागदावर गेली.

२०१८ मध्ये एफबीआयनं बूट शोधून काढले. स्मिथसोनियनमध्ये ते तपासले, तेव्हा एक गंमत कळली. संग्रहालयातल्या जोडाचे दोन बूट एकमेकांचे नव्हते, आणि सापडलेल्या जोडाचेही नव्हते. अदलाबदल केली तर दोन्ही जोड बरोबर जुळत होते! ऐंशी वर्षं डावा इकडे आणि उजवा तिकडे. तरी मालकी ज्याची त्याची, म्हणून ते तसेच वेगळे राहिले. चोर सापडला तोवर म्हातारा आणि मरणपंथाला लागलेला होता. त्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. बुटांवर खरीच माणकं असतील असं त्याला वाटलं होतं. चोरीचा माल घेणाऱ्यानं काच आहे म्हटल्यावर त्यानं ते देऊन टाकले. चित्रपट त्यानं पाहिलेलाच नव्हता. कोर्टानं त्याची प्रकृती पाहून तुरुंग टाळला. २०२४ मध्ये बूट मूळ संग्राहकाकडे परत आले, आणि वर्षअखेर विकले गेले. गावच्या संग्रहालयानंही बोलीसाठी पैसे जमवले होते, राज्य सरकारनं एक लाख डॉलर दिले होते. पण लाखांची गोष्ट कोटींत गेल्यावर गावानं काय करायचं?

या सगळ्या खटल्यांत एक गोष्ट मला लख्ख दिसते. कोर्ट कधीही विचारत नाही, की ही वस्तू कुणाला जास्त प्रिय आहे. ते विचारतं, कुणी दिली, कुणाला दिली, कशासाठी दिली, आणि कागद कुठे आहे. यात कोर्टाचं चुकतं असं मी म्हणणार नाही. माया मोजायला माप नाही. कागद मोजता येतो. म्हणून घरातल्या जुन्या चिजा, पत्रं, तबकड्या, छायाचित्रं कुणाला द्यायची असतील, तर ती देताना चार ओळी लिहून ठेवाव्यात. भेट असेल तर भेट, उसनी असेल तर उसनी. त्यात अविश्वास नाही. मागच्यांना तोंड बघायला जागा राहते.

जूडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती कुठल्याही लिलावाहून मोठी वाटते. तिला न्यूयॉर्क राज्यातल्या दफनभूमीत ठेवलं होतं. २०१७ मध्ये मुलांनी तिला तिथून हलवून लॉस एंजेलिसला, आपल्याजवळ, आणलं. बूट, फ्रॉक, बाहुली यांतलं काहीच मुलांच्या वाट्याला आलं नव्हतं. आई आली. अठ्ठेचाळीस वर्षांनी का होईना, ती कंपनीची नाही, प्रेक्षकांची नाही, संग्राहकांची नाही, आपली आहे, असं सांगायला तिच्या मुलांना कुठल्या कोर्टात जावं लागलं नाही.